हेमलताबाईंचं रॉकेट मंडळ

हेमलताबाई नाबर यांनी रॉकेट उडवायचं ठरवलं, असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. ते त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि तोंडून निघालेला शब्द परत घेण्याची त्यांना सवय नव्हती. सरोजिनी नगरच्या गजबजलेल्या बाजारातली बँकेची शाखा ज्या बाईंनी मॅनेजर म्हणून नुसत्या भुवईवर चालवली, त्यांना अशी सवय असायचं कारणही नव्हतं.

झालं असं, की गाझियाबादच्या वसुंधरा भागात राजहंस एन्क्लेव्ह नावाची सोसायटी आहे. तिथे थोडी मराठी घरं आहेत आणि त्या घरांतल्या बायकांची दर महिन्याला भिशी असते. दिल्लीच्या हवेत तिची केव्हाच किटी झाली आहे, पण बोलावताना अजून भिशीच म्हणतात. दिवाळीनंतरची भिशी कुमुद पाटणकरांकडे होती. चहा झाल्यावर कुमुदताईंनी सगळ्यांना बाल्कनीत नेलं आणि आपली बोन्साय दाखवली. वितीएवढा वड, तळहाताएवढं डाळिंब, आणि त्या डाळिंबाला खरोखरीचं एक फळ. सगळ्या जणी वाकून वाकून बघत होत्या. एकट्या हेमलताबाईंची मान ताठ होती, कारण त्यांना स्पाँडिलायटिस होता. पण कुमुदताईंना ते वेगळं वाटलं असावं.

"तुमचं काय चाललंय, हेमलताताई?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. "रिटायरमेंटनंतर वेळ जात नसेल ना?"

या वाक्यातल्या 'नसेल'मध्ये जी काही कणव होती, ती हेमलताबाईंच्या थेट मस्तकात गेली.

"रॉकेट," त्या म्हणाल्या.

आता रॉकेटच का, तर आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुलीनं, तनयानं, मोबाईलवर कुठल्याशा परदेशी क्लबचा व्हिडिओ दाखवला होता. त्यात आजोबांच्या वयाची माणसं शेतात उभी राहून कागदी रॉकेटं सोडत होती आणि वर बघून टाळ्या वाजवत होती. समोर व्हिडिओ शिवणकामाचा असता, तर हेमलताबाई 'शिवण' म्हणाल्या असत्या आणि आज राजहंस एन्क्लेव्हमध्ये बरीच शांतता असती.

"म्हणजे?" कुमुदताईंनी विचारलं.

"मॉडेल रॉकेट. आम्ही क्लब काढतोय."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"ते ठरतंय," हेमलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी ढोकळ्याचा आणखी एक तुकडा घेतला.

घरी येऊन त्यांनी पहिली नेमणूक केली. त्यांचे यजमान विश्वासराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

"अहो, आपण रॉकेट क्लब काढलाय."

"आपण?"

"तुम्ही सुरक्षा अधिकारी आहात."

विश्वासरावांनी पेपर खाली ठेवला. विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांची सगळी नोकरी गेली होती. जगात जे जे काही फुटतं, पेटतं, कोसळतं आणि बुडतं, त्याच्या फायली त्यांनी वाचल्या होत्या, आणि त्यामुळे सुखरूप असलेल्या कुठल्याही वस्तूकडे ते जरा संशयानंच बघत. कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला जातानासुद्धा ते सिलिंडरचा नॉब बंद करून जात. अशा माणसाला सुरक्षा अधिकारी नेमणं यात हेमलताबाईंची प्रशासकीय नजर दिसत होती, हे मान्य करायला हवं.

"रॉकेट कशावर उडतं?" त्यांनी विचारलं.

"ते बघू."

"दारूवर उडतं, हेमा. फटाक्याच्या दारूवर."

"म्हणून तर तुम्हाला घेतलंय."

पहिली सभा पुढच्या रविवारी नाबरांच्या बैठकीत झाली. कुमुदताई स्वतःहून आल्या. हेमलताबाई तोंडावर आपटताना आपण जवळ असावं एवढाच त्यांचा हेतू होता, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. हेमलताबाईंनी त्यांना चिटणीस केलं. विरोधकाला काम द्यायचं, म्हणजे तो विरोध करायला मोकळा राहत नाही, हे त्या बँकेत शिकल्या होत्या.

तांत्रिक सल्लागार तळमजल्यावरच मिळाले. हवालदार हणमंत मोहिते फौजेतून निवृत्त झाले होते. मूळचे सांगली जिल्ह्यातले. मुलगा नोएडात नोकरीला लागला म्हणून ते इकडेच राहिले होते. भरदार मिशा, ताठ पाठ, आणि सकाळी फिरतानाही पावलं तालात. हेमलताबाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं होतं.

"हणमंतराव, तुम्ही फौजेत होता ना?"

"होतो की वहिनी."

"मग आमच्या रॉकेटचं तुम्ही बघायचं."

हणमंतरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. पण हुकूम आल्यावर प्रश्न विचारायची सवय त्या माणसाला कधी लागलीच नव्हती. "बरं वहिनी," ते म्हणाले.

ती पहिली सभा सगळीच्या सगळी नावात गेली. हेमलताबाईंना 'अग्निबाण मंडळ' हवं होतं. तनया आतून मोबाईल चार्जरला लावायला आली, तेव्हा तिला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, अग्निबाण मतलब? तीरवाला?" दिल्लीत वाढलेल्या मुलीला जो शब्द कळत नाही तो दिल्लीच्या सरकारला काय कळणार, असा मुद्दा कुमुदताईंनी काढला आणि 'राजहंस हौशी रॉकेट मंडळ' असं ठरलं. त्याच आठवड्यात शिक्का बनून आला. रॉकेट अजून नव्हतं, पण शिक्का मात्र फारच सुबक होता.

विश्वासराव म्हणाले होते ते खरंच निघालं. खऱ्या मॉडेल रॉकेटच्या शेपटीत एक कागदी नळी असते आणि तिच्यात दारू ठासलेली असते. तनयानं ती ऑनलाइन मागवून पाहिली. विकणाऱ्यानं कळवलं, की दिल्ली आणि आसपासच्या भागात फटाक्यांवर बंदी असल्यामुळे माल पाठवता येणार नाही, क्षमस्व. दुसरी बाई इथे थांबली असती. हेमलताबाईंनी कॉटनची कडक साडी नेसली, शिक्का पर्समध्ये टाकला, विश्वासरावांना सोबत घेतलं आणि त्या परवानगी काढायला निघाल्या.

पोलीस चौकीत एक दरोगा शेंगदाणे सोलत उन्हात बसले होते.

"रॉकेट?" ते म्हणाले. "मैडम, दिवाली तो निकल गई."

"यह दिवाली वाला नहीं है. यह वैज्ञानिक रॉकेट है."

"वही ना, जो बोतल में खड़ा करके छोड़ते हैं?"

"बोतल का इससे कोई संबंध नहीं," हेमलताबाई म्हणाल्या. पुढे त्यांना हे वाक्य फार छळणार होतं, पण ते त्यांना तेव्हा कुठून ठाऊक असणार.

दरोगांनी समजुतीनं सांगितलं, की जवळच हिंडनचा विमानतळ आहे, तेव्हा हे प्रकरण ऊपर से लिखवा के लाना पड़ेगा. ऊपर म्हणजे कुठे, असं विश्वासरावांनी विचारलं, तर दरोगांनी शेंगदाणा वरच्या दिशेनं दाखवला. विश्वासरावांनी छताकडे पाहिलं.

वरचं एक कार्यालय शोधून काढण्यात डिसेंबर गेला. तिथल्या बाबूंनी टोपी कानांवर ओढून घेत पहिलाच प्रश्न विचारला, "इसमें बैठेगा कौन?"

"कोई नहीं बैठेगा."

"कोई नहीं बैठेगा, तो जाएगा क्यों?"

परत येताना मेट्रोत राजीव चौकलाच हेमलताबाईंनी शिक्का पर्सच्या तळाशी ढकलला, आणि विश्वासरावांना वाटलं, की आता बहुतेक सुटलो. पण त्याआधी, ही दोघं निघता निघता, बाबूंनी आणखी एक गोष्ट विचारली होती. कितना जाएगा? आणि हेमलताबाई म्हणाल्या होत्या, "साठ तो आराम से." त्यांच्या मनात मीटर होते. बाबूंच्या मनात काय होतं ते जानेवारीत कळलं.

जानेवारीच्या एका धुकट दुपारी दोन गृहस्थ दारात आले. साधे स्वेटर, साधे बूट, आणि नजर मात्र साधी नव्हती. त्यांच्या मागे सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी उभे होते. 'मैंने कुछ नहीं किया' असा चेहरा करून ते लगेच निघून गेले.

"रॉकेट वाली मैडम आप हैं?" दोघांतल्या थोरल्यानं विचारलं.

हेमलताबाईंना भरून आलं. इतक्या खेपांनंतर सरकारातून कोणीतरी चौकशीला स्वतः घरी आलं होतं. त्यांनी दोघांना बसवलं, चहा टाकला, चिवडा काढला. विश्वासरावांनी मात्र पाहुण्यांच्या नजरेकडे पाहिलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"कितनी दूर तक मार करेगा?" थोरल्यानं विचारलं.

"मारना नहीं है जी, उड़ाना है. साठ तो पक्का है. आगे और बढ़ाएँगे."

"यहाँ से दिल्ली कितनी पड़ती है?"

"इंडिया गेट बीसेक किलोमीटर," विश्वासराव म्हणाले. कुठलंही अंतर विचारलं की ते आपोआप सांगत. सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"और कौन-कौन है आपके साथ?"

"फौज के एक रिटायर्ड सज्जन हैं. टेक्निकल सब वही देखते हैं," हेमलताबाई अभिमानानं म्हणाल्या. "चिवड़ा लीजिए ना."

धाकट्यानं चिवडा घेतला नाही.

"बाहर से कोई मदद? विदेश से?"

"हाँ हाँ. पूरी कल्पना ही विदेश की है. मेरी बेटी ने दिखाया था."

भिंतीपाशी विश्वासरावांनी कपबशी खाली ठेवून हात मोकळे करून घेतले.

"सामान दिखाइए," थोरला हलकेच म्हणाला.

हेमलताबाई आत गेल्या आणि दोन्ही हातांवर आडवं धरून रॉकेट घेऊन आल्या. जुन्या कॅलेंडरची सुरळी करून केलेलं अंग, त्याला मिठाईच्या खोक्याचे कापून लावलेले पंख, आणि टोकाला वाढदिवसाची कागदी टोपी. एका पंखावर 'शुद्ध देसी घी' ही अक्षरं अजून वाचता येत होती. थोरल्यानं ते हातात घेतलं, फिरवलं, आतून डोळा लावून पाहिलं. पलीकडून त्याला फक्त खिडकी दिसली असणार.

"साठ क्या?" त्यानं विचारलं.

"मीटर."

"मीटर," तो धाकट्याला म्हणाला. मग त्यानं एक मोठा श्वास सोडला आणि चिवड्याची वाटी जवळ ओढली. "आंटी जी, यह तो खिलौना है."

शाखेत इतकी वर्षं काढली, पण सरकारी कामात हेमलताबाईंना कोणी आंटी म्हणालेलं नव्हतं. "खिलौना नहीं है," त्या म्हणाल्या.

"खिलौना है जी, बिल्कुल खिलौना है," विश्वासराव हात जोडून म्हणाले.

थोरला गृहस्थ मनानं चांगला होता. निघताना तो म्हणाला, की बारूद-वारूद के चक्कर में मत पड़िए, हमारे भतीजे ठंडे की बोतल में पानी और हवा भर के उड़ाते हैं, वैसा कर लीजिए, पानी पर कोई रोक नहीं है. हेमलताबाईंनी त्याला दारापर्यंत पोचवलं नाही.

"खेळणं म्हणालात तुम्ही," दार बंद झाल्यावर त्या म्हणाल्या.

"खेळणं म्हणालो म्हणून मी आत्ता घरात आहे. हेमा, मी राजीनामा देतो. सुरक्षा अधिकाऱ्यालाच सुरक्षित वाटत नाहीये."

राजीनामा विश्वासरावांनी तोंडी दिला आणि हेमलताबाईंनी तो तोंडीच स्वीकारला.

पुढच्या सभेत अध्यक्ष हेमलताबाईंनी जाहीर केलं, की दिल्लीच्या हवेचं प्रदूषण लक्षात घेता मंडळ यापुढे धूररहित तंत्रज्ञान वापरेल. म्हणजे पाणी. कुमुदताईंनी ते लिहून घेतलं, आणि लिहिताना त्या हसल्या नाहीत, ही एक नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. खरं म्हणजे त्या अलीकडे हसत नव्हत्या. बोन्सायच्या फांद्या वळवायची त्यांची तांब्याची तार होती, ती त्यांनी रॉकेटच्या पंखांना आतून लावून पाहिली होती आणि पंख काटकोनात उभे राहिले होते. तेव्हापासून त्यांना रात्री पंखच दिसत होते.

पाण्याचं रॉकेट तसं सोपं असतं. शीतपेयाची मोठी बाटली घ्यायची, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी भरायचं, तोंडाला रबरी बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उलटी उभी करायची. बुचातून आत गेलेल्या नळीला सायकलचा पंप जोडून हवा भरत राहायची. बूच एका खिळ्यानं अडवलेलं असतं. दोरी ओढून खिळा काढला की हवा पाण्याला खाली ढकलते आणि बाटली वर जाते. वर जाते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

पहिली चाचणी सोसायटीच्या बागेत एका लख्ख रविवारी झाली. धुकं संपल्यामुळे अख्खी सोसायटी उन्हात येऊन बसली होती, त्यामुळे सल्ल्यांची काही टंचाई नव्हती. त्यागीजी म्हणाले, "भाभी जी, सोडे की बोतल लीजिए, उसका माल मोटा होता है." तिसऱ्या मजल्यावरच्या बाई बाल्कनीतून ओरडून म्हणाल्या, की तोंड ईशान्येला करा. एका निवृत्त इंजिनियरांनी पाण्यात मीठ घालायला सांगितलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीठ मात्र घालून झालं.

हणमंतराव एक-दोन, एक-दोन करत पंप मारत होते. विश्वासराव राजीनामा दिलेला असल्यामुळे लांब, मोटारींच्या आड उभे होते. हेमलताबाईंनी दोरी ओढली. बाटली सुटली, आणि वर न जाता आडवी गेली. गवतावरून सूं करत ती थेट त्यागीजींच्या पडवीकडे निघाली. तिथे मिसेस त्यागी चटईवर बसून हलव्यासाठी गाजरं किसत होत्या. किसाचा चांगला गुडघाभर ढीग झाला होता. रॉकेट त्या ढिगात एका बाजूनं शिरलं आणि दुसऱ्या बाजूनं निघालं. मिसेस त्यागींना कुठे लागलं नाही, पण त्यांचा पांढरा शुभ्र स्वेटर केशरी झाला आणि भिंतीवरही बरंच गाजर गेलं.

"दिशा सोडली, तर सगळं बरोबर झालं," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांना ते मनापासून वाटत होतं.

बाटली आणायला त्या पडवीकडे गेल्या, तेव्हा खांबाच्या पलीकडे विश्वासरावांचा आवाज ऐकू आला. ते त्यागीजींची माफी मागत होते.

"बुरा मत मानिए, भाईसाहब," ते म्हणत होते. "शौक है उनका. कुछ दिन में उतर जाएगा."

हेमलताबाई बाटली हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. चौकीवर त्यांना दिवाळी म्हणाले होते, कार्यालयात प्रवासी विचारले होते, घरात येऊन खेळणं म्हणाले होते. त्या सगळ्याचा त्यांना राग आला होता, आणि रागात एक प्रकारची ताकद असते. हे ऐकून मात्र राग आला नाही. चौकीपासून कार्यालयापर्यंत जो माणूस कंटाळत का होईना पण बरोबर आला, तो मनात हे धरून आला होता.

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी खिचडी केली, पापड भाजले. फक्त विश्वासरावांच्या पानात तूप वाढलं नाही. विश्वासरावांनी खिचडीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि कोरडी खिचडी मुकाट्यानं संपवली.

सोसायटीनं आवारात रॉकेटबंदी केली, आणि मंडळ तिथेच संपलं असतं. पण कुमुदताईंनी परस्पर एक उद्योग करून ठेवला होता. फरीदाबादला आसपासच्या मराठी मंडळांचा स्नेहमेळावा असतो, त्याच्या कार्यक्रमात त्यांनी 'रॉकेट प्रक्षेपण' घालून टाकलं होतं. लावणीनंतर आणि जेवणाआधी.

"मला न विचारता?" हेमलताबाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. हल्ली तुमचं लक्ष नाही," कुमुदताई म्हणाल्या. "पंख मी नवे केलेत. ते एकदा सरळ वर गेलेले मला बघायचेत."

हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या, की हेमलताबाईंनी होकार देऊन टाकला.

मेळाव्याच्या सकाळी सगळे मेट्रोनं निघाले. तपासणीच्या यंत्रातून पिशवी पलीकडे गेली आणि जवानानं विचारलं, "इसमें क्या है?" हेमलताबाईंनी 'रॉ' एवढंच म्हटलं होतं, तेवढ्यात कुमुदताई पुढे होऊन म्हणाल्या, "बोतल है भैया, खाली बोतल." अध्यक्षांनी हा अपमानही गिळला. विश्वासरावही आले होते. प्रेक्षक म्हणून, असं त्यांनी निघतानाच स्पष्ट केलं होतं. त्यांच्या पिशवीतून स्कूटरच्या हेल्मेटचा गोल आकार दिसत होता.

फरीदाबादच्या त्या शाळेचं मैदान माणसांनी भरलं होतं. फेब्रुवारीचं ऊन, शामियाना, मागे मसालेभाताचा वास. लावणी झाली, तिला वन्समोअर मिळाला, आणि मग निवेदकानं हेमलताबाईंच्या हातात माइक दिला. त्या धूररहित तंत्रज्ञानाबद्दल छान बोलल्या. मैदानाच्या मध्यावर रॉकेट उभं होतं, तांबूस तारेचे पंख उन्हात चमकत होते. गळती होऊ नये म्हणून हेमलताबाईंनी आदल्या दिवशी बुचाला प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली होती. थोडी गुंडाळली असती तर चाललं असतं. पण अर्धवट काम त्यांना कधीच जमलं नाही. त्यांनी पुरी गुंडाळली होती.

हणमंतरावांनी पंप मारला. नेहमीपेक्षा बरेच जास्त वेळ मारला, कारण या वेळी हवा गळतच नव्हती. निवेदकानं उलटे आकडे मोजले. हेमलताबाईंनी दोरी ओढली. खिळा निघून हातात आला.

रॉकेट जागचं हललं नाही.

लोक थांबले. मग थोडे आणखी थांबले. मग मागून कोणीतरी "चलो, खाना लग गया" म्हणालं आणि मागच्या खुर्च्या सरकू लागल्या.

"हणमंतराव," हेमलताबाई म्हणाल्या, "तोफखान्यात अशा वेळी काय करतात?"

"मला काय माहीत वहिनी. मी बँडात होतो."

"कुठे?"

"बँडात. क्लॅरिनेट वाजवायचो."

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं फौजेत होता का. मी होतो म्हणालो. तुम्ही म्हणालात या, मी आलो."

हे सगळं माइक चालू असल्यामुळे मैदानभर ऐकू गेलं. मसालेभाताकडे निघालेली मंडळी परत वळली. हसण्याची एक मोठी लाट शामियान्यापासून फाटकापर्यंत गेली. हेमलताबाईंनी माइक खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आणि त्या रॉकेटकडे निघाल्या. बूच अडलं असेल तर ते हातानं ओढायचं, यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं.

"हेमा, थांब."

विश्वासराव हेल्मेट घालून त्यांच्या आडवे आले होते. त्यांच्या हातात शामियान्याचा एक मोकळा बांबू होता.

"बाजूला व्हा. तुम्ही राजीनामा दिलाय."

"परत घेतला. मागे हो. अशा वस्तूवर वाकून बघायला गेलेल्या माणसांच्या किती फायली मी वाचल्यात, तुला माहीत नाही."

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की हेमलताबाई थांबल्या. विश्वासरावांनी वळून पहिल्या रांगेला मागे सरकायला सांगितलं, आणि काय आश्चर्य, रांग सरकली. मग हा माणूस, जो कचरा ठेवायला जाताना सिलिंडर बंद करतो, तो सगळ्या मेळाव्यासमोर ओल्या गवतावर पालथा झोपला आणि बांबू पुढे धरून कोपरांवर सरकत निघाला. कोणी हसलं नाही. बांबूचं टोक बुचाशी पोचलं. त्यांनी मान खाली घातली आणि बाजूनं बुचाला एकदा ढोसलं.

फाट्कन आवाज झाला. पाण्याचा लोट विश्वासरावांच्या अंगावरून गेला आणि ते दिसेनासे झाले. आणि रॉकेट गेलं. ते सरळ, नाकासमोर, काही म्हणजे काही न डगमगता वर गेलं. शाळेच्या इमारतीच्या वर, कडुनिंबाच्या वर, उन्हात एकदा लखकन चमकून आणखी वर. कुमुदताई दोन्ही हात गालांवर ठेवून बघत होत्या. हणमंतरावांनी नकळत सॅल्यूट ठोकला होता. वर पोचल्यावर रॉकेट जरासं रेंगाळलं, वाऱ्यावर कलंडलं आणि मागच्या भिंतीपलीकडे उतरलं. टाळ्या त्यानंतर सुरू झाल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

भिंतीपलीकडे नटबोल्टचा एक कारखाना होता. रविवार असल्यामुळे तो बंद होता. नाबर पती-पत्नी वळसा घालून फाटकाशी पोचली. चौकीदारानं विश्वासरावांच्या टपटप गळणाऱ्या हेल्मेटकडे पाहिलं आणि काही न विचारता बोट वर केलं. पत्र्याच्या छपरावर, अगदी उतरणीच्या मधोमध, बाटलीचे पंख दिसत होते.

"सीढ़ी अंदर बंद है," तो म्हणाला. "कल आना पड़ेगा."

कोपऱ्यावर चहाची टपरी होती. दोघं तिथल्या बाकावर बसली. हेमलताबाईंनी आपली शाल विश्वासरावांच्या खांद्यावर टाकली. एरवी त्या आधी टेपबद्दल बोलल्या असत्या, मग बांबूबद्दल, मग ओल्या पँटबद्दल. आज त्यांनी नुसता चहा मागवला.

विश्वासरावांनी हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. दोन घोट घेतले. मग ते उठले, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, छपराकडे पाहिलं, शाळेकडे पाहिलं, आणि ओलं बोट वर करून वारा कुठून येतोय ते बघितलं.

"पश्चिमेचा आहे," परत येऊन बसत ते म्हणाले. "पुढच्या वेळी जरा तिकडे झुकवून लावू, म्हणजे मैदानातच उतरेल."

हेमलताबाईंनी कप ओठांपाशी तसाच धरला होता.

"टेप मी गुंडाळीन," विश्वासराव म्हणाले.

"गुंडाळा," हेमलताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.